अर्धलीचं वासरू

आमच्याकडं जनावर अर्धलीनं द्यायची रीत जुनी आहे. ज्याच्या दावणीला गाय आहे पण निगा करायला माणूस नाही, तो दूध तुटलेली कालवड दुसऱ्याच्या खुंट्याला नेऊन बांधतो. कागद नाही, अंगठा नाही. चार माणसांत त्या दिवशीची किंमत बोलली जाते आणि दोघं ती ध्यानात ठेवतात. दोन-तीन वर्षांनी जनावर विकलं की मूळ किंमत मालकाची, वरची वाढ निम्मी-निम्मी. कुणी मूळ किंमतही धरत नाही, येईल त्या पैशाचे सरळ दोन वाटे करतात. जनावर मेलं तर मालकाची किंमत बुडाली आणि पाळणाऱ्याचे कष्ट. कष्टाची भरपाई कुठल्या पंचांनी कधी दिल्याचं ऐकिवात नाही. त्यामुळं अर्धलीचं वासरू मरू द्यायचं नसतं, हे पाळणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

युसूफ वडगावात अशी वासरं पाळणारी एक बाई होती. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. मी जन्मभर पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, जिल्ह्यातल्या श्रेणी-२ च्या दवाखान्यांतून फिरलो. ते काम मी आधी आक्काच्या दावणीला शिकलो आणि मग वर्गात. आणि वर्गात बसायचे पैसेही तिच्याच दावणीतून आले. त्याचा हिशोब अजून मिटलेला नाही.

आमचा केज तालुका. धनेगावचं मांजरा धरण याच तालुक्यात, पण धरण तालुक्यात असणं वेगळं आणि पाणी शेतात असणं वेगळं. जिरायत रानात ज्वारी, तूर, करडई, पुढं सोयाबीन आलं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. गाडीला जुंपलेले बैल जायचे, कर्ती माणसं जायची. मागं राहायची म्हातारी, शाळेतली पोरं आणि वासरं. दुभती गाय कुणी सोबत न्यायचं, पण नुकती दूध तुटलेली कालवड कारखान्याच्या पालावर नेऊन काय करणार? ती आक्काच्या मांडवात यायची. कुणाची अर्धलीनं, कुणाची नुसती पाडव्यापर्यंत सांभाळायला.

आक्काला जमीन नव्हती. नवरा लवकर गेला, त्याआधी दोघांनी बरीच वर्षं कोयता घेतला होता. कारखान्याच्या तळावर उघड्यावर येलेल्या गाया तिनं पाहिल्या होत्या. माघातली थंडी, खाली ओल, आणि खायला रात्रंदिवस उसाचं वाढं. "नुसत्या वाढ्यावर ठिवलेल्या गायीचं वासरू उभंच ऱ्हाईना," हे तिचं निरीक्षण. पुढं मला कळलं की वाढ्यात ऑक्झॅलेट असतं, ते अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं, म्हणून वाढं घालायचं तर सोबत कोरडा चारा आणि चुन्याची निवळी द्यावी. मी हे मोठ्या तोऱ्यात तिला सांगायला गेलो, तर तिच्या गव्हाणीत वाढ्यात निम्मा कडबा कुट्टी करून आधीच मिसळलेला. निवळी तेवढी तिनं माझ्याकडून घेतली.

आमची एक देवणी गाय होती, वानेरा. देवणीत वानेरा, बालंक्या आणि शेवेरा असे तीन प्रकार. वानेरा अंगानं पांढरी, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. ती पहिलारू होती आणि पहाटेच्या सुमाराला येली. वडलांनी आक्काला बोलावून घेतलं होतं. वासरू पडलं, गाय उठली आणि त्याला हुंगून मागं सरली. पहिलारू गायी असं करतात. आक्कानं वासराच्या पाठीवर मूठभर भरडा आणि मीठ भुरभुरलं. गायीनं जीभ लावली ती मग थांबेचना. तोवर आक्कानं वासराच्या नाका-तोंडातला चिकटा बोटांनी काढला, ज्वारीची काडी नाकपुडीत हळूच फिरवली. वासरू शिंकलं. "आता जगलं," आक्का म्हणाली. नाळ पोटापासून दोन-तीन बोटं सोडून दोऱ्यानं बांधली, खाली कापली, हळद-तेल लावलं.

यापुढंच भांडण होतं. आमच्या गावात, आणि पुष्कळ गावांत अजूनही, जार पडल्याशिवाय वासराला पाजत नाहीत. आधी पाजलं तर जार अडकतो, अशी समजूत. वडील कंदील धरून म्हणाले, "जार पडू दे, मग लाव." आक्कानं ऐकलं नाही. चारी सडांतल्या पहिल्या चिळकांड्या जमिनीवर सोडून सडांची बुचं मोकळी केली, वासराचं तोंड धरून सडाला लावलं.

"याच्या पोटात आग पडलीय आन् तुमी जार बगत बसलाव," ती म्हणाली.

जार तासाभरानं पडला. वडील म्हणाले, गाय चांगली म्हणून पडला.

पुढं डिप्लोमाला आम्हाला हा धडा होता. बाईच्या पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतात, गायीच्या पोटातल्या वासराला ती मिळत नाहीत, तिच्या वारेची रचनाच तशी नाही. वासरू जन्मतं ते या बाबतीत कोरंच. त्याला जे मिळायचं ते चिकातून, आणि तेही पहिल्या काही तासांत. तेवढाच वेळ त्याचं आतडं ती द्रव्यं जशीच्या तशी रक्तात घेऊ शकतं. तासागणिक ही ताकद घटते आणि चोवीस तासांत जवळजवळ संपते. पहिल्या दिवसात वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा चीक पोटात गेला पाहिजे, म्हणजे वीस किलोच्या वासराला दोन लिटर. शिवाय वासरू सड ओढतं तेव्हा गायीच्या अंगात जे संप्रेरक सुटतं, त्यानं पान्हा येतो आणि गर्भाशयही आकुंचन पावतं. म्हणजे पाजल्यानं जार अडकत नाही, पडायलाच मदत होते. सर फळ्यावर हे लिहीत होते, बाकीची पोरं उतरवून घेत होती. माझ्या वहीत त्या पानावर काही नाही. लिहायची गरज वाटली नाही.

चिकावरून आक्काचं आमच्या आजीशीही वाजलं होतं. आमच्या घरी गाय येली की पहिल्या चिकाचा खरवस देवाला, मग भावकीला. आक्काचा नियम असा, की पहिल्या दिवशीचा चीक वासराचा, दुसऱ्या दिवसापासून तुमचा. आजीला हा मालकीत हस्तक्षेप वाटला. बरेच दिवस ती आक्काशी गोवऱ्यांपुरतंच बोलायची. त्या वर्षी भावकीत खरवस पातळ गेला आणि त्याचीही चर्चा झाली.

आक्काचे बाकीचे नियम असेच, भांडून टिकवलेले. दोन सड वासराला, दोन धारेला, निदान दोन महिने. वासरू बांधायचं ते गायीला दिसेल असं. जागा कोरडी हवी, ओल लागली की चुलीतली राख पसरायची. दावं किती लांब? वासराला बसता आलं पाहिजे, फिरता आलं पाहिजे आणि तोंड वळवून आपली शेपटी चाटता आली पाहिजे. त्याहून आखूड दावं दिसलं की ती दुसऱ्याच्या गोठ्यातही शिरून सोडायची आणि पुन्हा बांधायची. औषध नळीनं घशात ओतलेलं तिला खपायचं नाही. वासराला ठसका लागला की ते फुफ्फुसात जातं आणि वासरू हगवणीनं न मरता औषधानं मरतं. दूध तोडायला काट्यांची मुसकी बांधतात, वासरू सडाला गेलं की गायीला टोचतं आणि ती लाथ मारते. आक्का ती मुसकी चुलीत घालायची. "मायच्या लाता खाऊन त्यानं दूध सोडायचं व्हय रं?" माती खाणाऱ्या वासराला मात्र ती साधी मुसकी बांधायची आणि खुंट्याशी सैंधवाचा खडा टांगायची.

तरी ती काही संत नव्हती. म्हशीच्या नर वासराला, हल्याला, तिनं कधी अर्धलीनं घेतलं नाही. घेणार तरी कशाला? हल्याला बाजारात भाव नाही, औताला आमच्याकडं कुणी धरत नाही. गावात म्हैस येली आणि हल्या झाला की त्याला पान्हा सोडण्यापुरतं सडाला लावायचे, मग बाजूला. महिना-दीड महिन्यात तो हाडाडायचा, पोट तेवढं जंतांनी फुगलेलं, आणि एक दिवस उठायचा नाही. म्हशीनं पान्हा चोरू नये म्हणून त्याच्याच कातड्यात कडबा भरून तिच्यापुढं ठेवलेला मी लहानपणी पाहिलाय. ती त्याला चाटायची. आक्काला मी विचारलं होतं, तू का नाही घेत गं हल्या? ती म्हणाली, "मी घेतला तरी त्याचं निम्मं कुणाचं?" वासराच्या कल्याणाबद्दल नोकरीत मी पुष्कळ परिपत्रकं वाचली. इतकं नेमकं कशात वाचलेलं आठवत नाही. ज्या वासरात कुणाचाच वाटा नाही, ते वासरू जगत नाही.

आता तो हिशोब. वानेरा गायीचं ते वासरू कालवड होती. दूध तुटल्यावर वडलांनी ती आक्काकडं अर्धलीनं दिली. तिनं ती अशी वाढवली, की लोक वाट वाकडी करून बघायला यायचे. मी बारावी झालो आणि डिप्लोमाला नंबर लागला, तेव्हा कालवड सहा महिन्यांची गाभण होती. फी, वसतिगृह, कपडे. घरात पैसा नव्हता. कालवड विकायची तर आणखी तीन महिने थांबून, येल्यावर, पायाशी वासरू घेऊन बाजारात उभी करावी, हे शेंबडं पोरही सांगेल. गाभण कालवडीचा भाव आणि येलेल्या देवणीचा भाव यांत मोठा फरक. आणि पाळणाऱ्याच्या संमतीशिवाय अर्धलीचं जनावर सुटत नाही.

वडील विचारायला गेले, मी मागं उभा. आक्कानं फी कधी भरायची ते विचारलं. वडलांनी तारीख सांगितली.

"मग थांबून काय करताव? न्या," ती म्हणाली. "आन् माझा वाटाबी ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं, पोराला लागंल. पर एक सांगते. मी माझं निम्मं आजच्या भावानं धरणार न्हाई. येली आसती तर जेवढं आलं आसतं, त्याचं निम्मं."

वडील कबूल झाले. नेकनूरच्या बाजारात कालवड विकली, सगळेच्या सगळे पैसे माझ्या शिक्षणाला लागले. आक्काचे त्यात किती, ते येलेल्या भावानं काढायचं ठरलं, म्हणजे न येलेल्या गायीच्या भावानं.

नोकरी लागल्यावर मी तिला पैसे द्यायला गेलो. तिनं मोजले, पदरात बांधले आणि म्हणाली, "हे पहिल्या वेताचे. आता ती दुसऱ्यांदा येली आसती." मी हसलो, ती हसली नाही. त्या कालवडीचा तिनं मनात एक संसारच मांडला होता. पहिल्या वेताला गोऱ्हा, दुसऱ्या वेताला कालवड, ती कालवड मोठी होऊन तिला वेत. दर वेळी मी गेलो की त्या खिल्लारात भर पडलेली असायची. पैसे पुन्हा घ्यायला तयार नाही. म्हणायची, वजा करू. मग मी तिच्या वासरांना बघायचं. दहाव्या दिवशी जंताचं औषध, पुढं सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. त्याआधी ती पळसपापडी द्यायची, तीही अगदीच वाया जात नसे. पावसाळ्याआधी फऱ्याची आणि घटसर्पाची लस. नाळेला टिंक्चर आयोडीन, ते तिला हळदीपेक्षा पटलं कारण "चरचरतंय म्हंजे काम करतंय." प्रत्येक खेपेला ती काहीतरी वजा करायची आणि पुढच्या खेपेपर्यंत मनातल्या गायी पुन्हा येलेल्या असायच्या. हिशोब मिटला तर मी यायचा नाही, हे तिनं ओळखलं होतं. तसा मी नसतोही गेलो कदाचित. नोकरीच्या माणसाला गाव आठवायला काहीतरी देणं लागतं.

गावात संकरित गायी आल्या, डेअरीची गाडी फाट्यावर यायला लागली. जर्सी, होल्स्टिनच्या कालवडी अर्धलीनं द्यायची रीत चालू राहिली. गोऱ्ह्याचं मात्र हल्यासारखं झालं. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नाही, जू खांद्यावर ठरत नाही, उन्हात तो टिकत नाही, आणि औताला ट्रॅक्टर आलेला. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला, गायीबरोबर बैल आणि वळूही त्यात आले. कायद्याच्या बाजूनं आणि विरुद्ध पुष्कळ बोललं गेलंय. मी दवाखान्याच्या ओट्यावरून पाहिलेलं सांगतो. गोऱ्हा कत्तलीला जात नाही आणि घरातही राहत नाही. दूध पाजायचं तर दिवसाला दोन-अडीच लिटर, ते डेअरीला घातलं तर पैसे. मग तो आठवडी बाजाराच्या कडेला, देवळापुढं, हायवेला सोडलेला दिसतो. पाप लागू नये म्हणून मारायचा नाही, एवढंच. उपाय म्हणून आता लिंगविनिश्चित वीर्यमात्रा आल्यात, त्यातून दहातली नऊ वासरं कालवडी होतात. राज्यानं शेतकऱ्याला एक मात्रा ८१ रुपयांत द्यायची ठरवली. उपाय हुशारीचा आहे. नको असलेल्या वासराचा प्रश्न ते जन्मूच न देता सोडवायचा. माझा त्याला विरोध नाही, मी स्वतः त्या मात्रा भरल्या आहेत.

परदेशातही हे सुटलेलं नव्हतं. तिकडच्या मोठ्या डेअऱ्यांत वासरू जन्मल्यावर काही तासांत, फार तर दिवसात आईपासून काढतात. गोऱ्हे मांसासाठी अरुंद लाकडी खोक्यांत वाढवायचे, वळायलाही जागा नाही. १९६४ साली इंग्लंडात रूथ हॅरिसन यांनी 'ॲनिमल मशीन्स' नावाचं पुस्तक लिहून हे चव्हाट्यावर मांडलं. सरकारला ब्रॅम्बेल समिती नेमावी लागली. १९६५ च्या अहवालात समितीनं म्हटलं की जनावराला निदान उभं राहता, बसता, वळता, स्वतःचं अंग चाटता आणि पाय ताणता आले पाहिजेत. ते खोके युरोपीय संघात बंद व्हायला २००७ साल उजाडलं. एका प्रशिक्षणात हे ऐकलं, तेव्हा मला दाव्याची लांबी आठवली. तोंड वळवून शेपटी चाटता आली पाहिजे. ब्रॅम्बेल साहेबांना आक्का भेटली असती तर अहवालाची पानं वाचली असती, पण तिनं त्यांच्याही गोठ्यात शिरून दावी सोडली असती.

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात शेकड्यांनी चारा छावण्या होत्या. आक्का तेव्हा ऐंशीच्या घरात. नातवानं जनावरं छावणीत नेली, तर ही त्यांच्यामागं जाऊन तिथंच पालात राहिली. छावणीचं अनुदान मोठ्या जनावराला दिवसाला ९० रुपये आणि लहानाला ४५. मे महिन्यात ते १०० आणि ५० झालं. चाराही त्याच मापानं, लहानाला मोठ्याच्या निम्मा. मी हे तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "सरकारनंबी वासरू अर्धलीनंच धरलंय की." चारा म्हणजे बहुतेक ऊसच. लहान वासराच्या दातांना कांडं फुटत नाही. आक्का दिवसभर बसून वाढ्यातली आतली कोवळी पानं निवडायची, कोयत्यानं बारीक करायची आणि मूठ-मूठ करून वासरांच्या तोंडाशी धरायची. शेजारच्या दावणीतली, दुसऱ्यांची वासरंही माना लांबवायची. त्यांनाही द्यायची, पण आपल्यांचं झाल्यावर.

त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्राचा लसीकरणाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, पुढं कानातल्या पिवळ्या बिल्ल्यांची मोहीम गावोगाव आली. बिल्ल्यावर बारा आकडी नंबर. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस एकदाच, ती फक्त मादी वासरांना. गोऱ्हा इथंही बाजूला. आक्कानं बिल्ला बोटानं चाचपून पाहिला. "कानात घातलं ते बरं केलं. पोटात काय घालणार हाव ते सांगा," एवढंच विचारलं.

आक्का लम्पीच्या आधी गेली. २०२२ च्या पावसाळ्यात ती साथ राज्यभर पसरली आणि लहान वासरांवर फार वाईट उतरली. अंगभर गाठी, ताप, पायांवर सूज, आणि आईच्या सडावर गाठी आल्या की तिला पाजणं सहन होत नाही, म्हणजे वासरू दोन्हीकडून मेलं. मेलेल्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत शासनानं ठरवली. मी पंचनामे केले. वासराला एवढी किंमत माझ्या नोकरीत मी प्रथमच पाहत होतो, आणि ती मेल्यावर.

आता मी निवृत्त आहे, अंबाजोगाईला राहतो. आक्काची नातसून वडगावात तीन जनावरं सांभाळते, त्यातली एक कालवड अर्धलीची. मागं तिचा फोन आला. वासराला पांढरी हगवण लागली होती. मी विचारलं, चीक कधी पाजला होता? "जार पडायच्या आधीच पाजलाय, मला काय सांगताव," ती म्हणाली. आवाजातला ठसका ओळखीचा होता. दूध पूर्ण तोडू नको, थोडं कमी कर. पाणी उकळून गार कर, त्यात गूळ, चिमूटभर मीठ, थोडा खायचा सोडा घाल. थोडं-थोडं दिवसातून चार-पाच वेळा पाज, घशात ओतू नको. डोळे आत गेले किंवा अंग गार लागलं तर वाट न बघता दवाखान्यातून डॉक्टरला बोलव. तिनं सगळं पुन्हा म्हणून दाखवलं. फोन ठेवताना मी गमतीनं म्हणालो, "हे वजा धर बरं का आपल्या हिशोबात."

"आक्का सांगून गेलीय," ती म्हणाली, "फोनवरचं वजा धरायचं न्हाई. यावं लागंल."